पंधरावं नाव

गौरीशंकर सरांना भाचीकडून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एक नाव. यादीतलं पंधरावं. पण त्या एका नावाला बरंच काही लटकलेलं होतं. पुढच्या वर्षी नोकरी राहणार, अडकवून ठेवलेले तीन पगार सुटणार, आणि स्टाफरूमच्या फळ्यावर सरांच्या नावाभोवती काढलेला लाल गोल पुसला जाणार.

खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजातला मास्तर जून-जुलैत काय करतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. तो पोरं गोळा करतो. संस्थेच्या साहेबांनी प्रत्येकाला पंधराचा आकडा दिलेला. सरांची चौदा भरली होती, त्यातली दोन तर सासुरवाडीची. सोयऱ्यांत आता एकच घर कोरं होतं, सोनारीतलं, थोरल्या बहिणीचं.

त्या घरात भुवनेश्वरी होती, सीईटीला सत्त्याण्णव पर्सेंटाइल घेऊन बसलेली. बाप रेवणप्पा भैरवनाथाच्या देवळापुढं नारळ-तेलाचं दुकान चालवतो. पोरगी रोज एसटीनं परंड्याला जाऊन बारावी झाली. एप्रिलपासून तिनं एक दोनशे पानी वही केली होती. कोणत्या कॉलेजचा कटऑफ तीन वर्षांत किती खाली-वर झाला, मुलींच्या वसतिगृहात जागा किती, कुर्डुवाडीहून गाडी कोणती. नंबर मिळवून तिथल्या मुलींना फोन करायची. मेसमध्ये भाकरी मिळते का, हेसुद्धा विचारायची. मामाच्या कॉलेजचीही चौकशी केली होती. तिथली एक मुलगी म्हणाली, "लॅबमध्ये मशिनी आहेत की. वरचं प्लास्टिक अजून काढलं न्हाय."

शेवटी बावीस नावं ठरली. पहिलं, संभाजीनगरचं सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल. मामाचं कॉलेज बाविसांत कुठंच नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं लाल शाईनं नियम लिहिला होता : पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर तीच जागा पक्की. ती घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्या बंद.

हा नियम त्या घरात तिला एकटीलाच माहीत होता. घराबाहेर मामाला.

फॉर्म भरायच्या दिवसांत परंड्याच्या केंद्रावर साइट लटकली. दोन दिवस रांगेत काढून पोरगी हात हलवत परत आली. तेवढ्यात मामाचा फोन. "यादीचा फोटो पाठव. माझ्याकडं लॅपटॉप हाय, बसल्या जागी भरतो." तिनं फोटो पाठवला, पासवर्ड दिला. ओटीपी आईच्या, गिरिजाबाईंच्या मोबाइलवर येणार होता, कारण घरात फोन तो एकच. नंतर तिनं प्रिंट मागितली. मामा म्हणाला, "प्रिंटर बंद पडलाय, आलो की आणतो." इतकी चौकस पोरगी इथं ढिली पडली. पण मामाकडं पावती कोण मागतं?

पहिल्या फेरीची यादी लागली तेव्हा ती दुकानात बसली होती. फोनवर ठळक अक्षरांत मामाच्या कॉलेजचं नाव, शेजारी पसंती क्रमांक एक. तिनं तीनदा वाचलं. मग हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई सगळं ऐकून म्हणाली, "ओटीपी तुमच्याच नंबरवर गेला ना? मग फॉर्म तुम्हीच भरलाय."

दोन दिवसांनी मूळ कागदपत्रं न्यायला मामा आला. पेढ्यांचा पुडा घेऊन.

"घ्या दाजी, तोंड गोड करा," म्हणत त्यानं पुडा काउंटरवर ठेवला. "इंजिनिअर झाली तुमची लेक."

रेवणप्पानं पुड्याला हात लावला नाही. भुवनेश्वरी वही घेऊन बाहेर आली.

"मामा, ह्या बाविसांत तुमचं कॉलेज कितव्या नंबरला हाय?"

"अगं, यादीनं काय होतंय? घराजवळ राहशील. मी हाय लक्ष द्यायला."

"शेवटच्या पानाचापण फोटो पाठवला होता. लाल शाईतलं वाचलं होतं?"

"मला काय वाचायचंय त्यात? धा वर्षं हेच करतोय मी."

"व्हय. म्हणूनच दुसऱ्या नंबरला टाकलं न्हाय. दुसऱ्यावरनं मी निसटले असते."

मामा हसायला गेला. हसू पुरतं यायच्या आत ओठातच राहिलं. मग त्यानं आवाज चढवला. "एवढं कोर्टात उभं केल्यासारखं बोलतीस, तर तुझ्या आईला इचार की. ओटीपी कुणी सांगितला? आक्काला सगळं ठाऊक होतं."

गिरिजाबाई कापराच्या पुड्या बांधत होत्या. हात थांबले नाहीत.

"आई?"

"तो म्हणला, आक्का, पहिलं माझं टाकतो, पोरीला कळू देऊ नको, एका नावापायी नोकरी चाललीय. एकुलता एक भाऊ हाय माझा, भुवने. तो उघड्यावर पडला तर मला माहेर कुठलं?"

"आणि मी?"

"तुझं काय, तू हुशार हायस. कुठंबी शिकशील."

पोरीला हुशारीचा एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. ती मामाकडं वळली, तेव्हा आवाज खाली होता आणि 'तुम्ही' तेवढं शाबूत होतं.

"ऐका मामा. मी ती जागा घेत न्हाय. टीसी, मार्कमेमो, एक कागद मिळणार न्हाय तुम्हाला."

"खुळी झालीस का? वर्ष वाया जाईल तुझं."

"जाऊ द्या. पण ते तुमच्या फळ्यावर लिहिलं जाणार न्हाय. चौदा पोरं नेलीत, त्यांना एकदा तरी इचारलं का, त्यांचं पहिलं नाव कोणतं होतं?"

"दाजी, समजवा हिला."

रेवणप्पा एवढंच म्हणाला, "मी अडाणी माणूस. मला वही वाचता येत न्हाय. पण ती वही तिनं कशी लिहिली, ते तीन महिने बघितलंय."

तेवढ्यात देवळाच्या भिंतीवरनं एक वानर उतरलं, काउंटरवरचा पुडा उचलला आणि वर जाऊन निवांत सोडायला लागलं. सर त्याच्यावर धावले.

"असू द्या," रेवणप्पा म्हणाला. "कुणाला तरी गोड लागले."

मुदतीचा दिवस उलटला. सरांचे चौदाच राहिले.

आता ह्या एका नावापायी कुणी काय किंमत भरली ते बघू. भुवनेश्वरीनं एक वर्ष भरलं. अठरा पूर्ण झाल्याच्या दिवशी स्वतःच्या नावाचं सिम घेतलं, आणि वही पहिल्या पानापासून परत सुरू केली. गिरिजाबाईंनी माहेर भरलं. भाऊबीजेला मांडलेला पाट दिवेलागणीला त्यांनीच उचलून ठेवला. लेक घरात आहे, पण फोन आला की आता बाहेर जाऊन बोलते. गौरीशंकर सरांनी नोकरी भरली, तीन पगारांसकट. नेलेल्या चौदा पोरांनी काय भरलं, ते त्यांना चार वर्षांनी कळेल.

संस्थेच्या साहेबांनी काही भरलं नाही. सरांच्या जागी त्यांनी नवा मास्तर घेतला. मुलाखतीत पहिलाच प्रश्न विचारला, सोयरे किती आहेत, आणि कुठकुठल्या गावात.