मणकेवाल्या बाई

आमच्या शहरात कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी दाबून मणके जागेवर बसवणारा, हा शब्द आईने आणला. तो काही कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोक तिला मणकेवाल्या बाई म्हणू लागले. पुढच्या खोलीत चामड्याचा बाक, शेजारी बाबांचं शिवणयंत्र. कण्हत आलेली माणसं ताठ होऊन गेली की बाबा म्हणायचे, "कपडे मी बेततो, माणसं ही बेतते."

इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना हे खपलं नाही. त्यांनी आईला कोर्टात खेचलं, भर कोर्टात भोंदू म्हटलं. खटला आई जिंकली. पण तो शब्द बाबांच्या जिव्हारी लागला.

पुढे बाबांचीच पाठ धरली. आईने त्यांना बाकावर पालथं झोपवलं, कण्यावरून बोटं फिरवली आणि मध्येच थांबली.

"उठा. हे माझं काम नाही. इस्पितळात जाऊ, एक्स-रे काढू."

"तुला भोंदू म्हणणाऱ्यांच्या दारात? मेलो तरी नाही."

"अहो, माझा मान गेला खड्ड्यात!"

"साऱ्या गावाला बरं करतेस आणि माझ्यासाठीच हात आखडता घेतेस?"

आईने विनवण्या केल्या, भांडली, अबोला धरला. बाबा हटले नाहीत. पाय लुळे पडले, तेव्हा आम्ही त्यांना उचलूनच नेलं. कण्यात गाठ होती. तेच डॉक्टर बाहेर येऊन हळूच म्हणाले, "बाई, जरा आधी आणलं असतं तर..."

"त्यांच्यासमोर हे बोलू नका," आई एवढंच म्हणाली.

शेवटी शेवटी बाबा म्हणाले, "आता तरी पाठीला हात लाव." आईने तळवा ठेवला. दाबला नाही. ते झोपेपर्यंत तशीच बसून राहिली.

बाबा गेल्यावर तिने या कामाची शाळा काढली. एक्स-रे वाचायला शिकवायला त्याच डॉक्टरांना बोलावलं, ते आलेही. कुठल्या पाठीला हात लावायचा नाही, हे पक्कं झाल्याशिवाय ती कुणाला बाकाजवळ फिरकू देत नसे. मुलं कुरकुरायची. आज तिचे विद्यार्थी गावोगाव आहेत आणि तेही तसंच शिकवतात.

ती जाण्याआधी मी विचारलं, "आई, बाबांची आठवण येते?"

"राग येतो," ती म्हणाली. "माझ्या मानासाठी जीव द्या, असं कुणी सांगितलं होतं?"

आणि बाबा गेले तेव्हा न रडलेली माझी आई हमसून हमसून रडली.