बर्फावरचा ठेचा

मी खल बोलतोय. पांढरा, चिनी मातीचा, अकोल्याच्या कॉलेजातला. वीस वर्षं कॉलेजात काढली, पण पास काही झालो नाही. हसू नका, तुमच्यातही असे आहेत.

माझ्यात पानं रगडतात, तीही मला बर्फात बसवून, कारण गरमी झाली की पानातलं एन्झाइम रुसतं. रसात औषध टाकायचं. तांबूस रंग चढला की एन्झाइम जिवंत. किती झपाट्यानं चढला ते यंत्र सांगतं. उकळलं की एन्झाइम मरतं, म्हणून उकळलेल्या पानाचा रंग मात्र चढताच कामा नये. मेलेल्यानं गप्प राहायचं, एवढीच अपेक्षा.

त्या दिवशी नाझनीनची पीएचडी तपासायला बाहेरून परीक्षक येणार होते. भाताच्या पानांमागे पोरीची तीन वर्षं गेलेली. उकळलेल्या पानानं दगा दिला की सगळी पाण्यात. ती साहेबांना आणायला स्टँडवर गेली आणि जाताना माझ्यात उकळलेली पानं आणि शेजारी चिठ्ठी ठेवून गेली: ‘मावशी, साहेब यायच्या आत ठेचा. बर्फावर. एकदम गार हवा.’

रंगुबाई महिन्यापूर्वीच प्रयोगशाळेत कामाला लागलेल्या. चिठ्ठी दोनदा वाचली.

“गार ठेचा? मोठ्या लोकांचं लई न्यारंच बाई!”

उकळलेली पानं वाटीत झाकली, आपल्या डब्यातल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण काढला, अन् दे दणादण! मला ओरडता येत नाही. येत असतं तरी ओरडलो नसतो.

नाझनीन परीक्षकांना घेऊन आली ती दोघंही तोंडाला मास्क लावून. हिरवं दिसलं, गाळलं, औषध टाकलं. रंग असा चढला की जिवंत पानानं लाजावं.

“मेलेलं पान जास्त जिवंत?” परीक्षक म्हणाले. “मग तीन वर्षं तुम्ही मोजलंत काय?”

नाझनीननं नळी पुन्हा उजेडात धरून पाहिली. तेव्हा मात्र माझंही हसू आटलं.

एवढ्यात रंगुबाई दारात. “साहेब, ठेचा नुसता बघताय काय? भाकरी आनलीय की!”

परीक्षकांनी मास्क काढून मला हुंगलं आणि सणसणीत शिंकले.

“मावशी, उकळलेली पानं कुठंयत?” नाझनीन ओरडली.

“ती व्हय? वाटीत हायेत झाकून. शिळी वाटली मला.”

मला तीन पाण्यांनी धुतलं, पानं रगडली. यंत्र शून्यावर. हललंच नाही. नाझनीन रडली. व्हरांड्यात परीक्षकही रडले, पण ते ठेच्यानं.

लसणाचा वास जाईना म्हणून मी आता खिडकीत पेनं सांभाळतो. ‘ठेचा’ या शब्दाला इथं बंदी आहे. आज सकाळी नाझनीननं नवी चिठ्ठी लिहिली: ‘मावशी, मी येईपर्यंत पान वाटा.’

रंगुबाई आत्ताच पानटपरीवरून आल्या. अख्ख्या विभागाचे ओठ लाल आहेत. प्राचार्यांनी दोन घेतली.

चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनो, मला हात नाहीत, बत्ता जोडतो. सुधारू नका!