कीबोर्डवरचा लाल टॅग

“कीबोर्डले हात नको लावू. टॅग दिसून नाई राह्यला का तुले?”

हे ओरडले तेव्हा मी फक्त धूळ पुसत होते. कीबोर्डला सुतळीने लाल पुठ्ठ्याचा टॅग बांधला होता, त्यावर ह्यांचं नाव: रामाजी. नोकरीतली सवय. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात दुरुस्तीला घेतलेल्या यंत्रावर असा टॅग लावत. ज्याने लावला त्यानेच काढायचा. तो माणूस पुन्हा पाळीवर येणारच नसेल, तरच दुसऱ्याचं नाव चढे. एकदा टॅग काढायचा राहिला, तर हे भरल्या ताटावरून उठून सायकलीने परत गेले होते.

निवृत्तीनंतर आम्ही चामोर्शीला घर बांधलं. आमची रश्मी नर्स होऊन कॅनडाला गेली आणि शुगरने ह्यांचे डोळे अधू होत गेले. मेलच्या रंगीत पानावर त्यांना काही सापडेना. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून काम करायची त्यांना जुनी सवय. त्या पडद्याला ते शेल म्हणत. त्यात मेलची सोय नव्हती, ती त्यांनी स्वतः जोडली. छोटी छोटी मॉड्यूलं, म्हणजे एकेका कामाचे सुटे प्रोग्राम, लिहिली: मेल आणणारं, तो बोटभर उंच अक्षरांत दाखवणारं, उत्तर पाठवणारं. लागेल ते जोडायचं, काम झालं की काढून ठेवायचं. रश्मीचा मेल ते आधी स्वतः वाचत, मग मला सांगत. सांगताना थोडं राखून ठेवत, हे मला कळायचं.

यंदा धान कापणीच्या सुमारास मेल यायचे थांबले. मेलवाल्या कंपनीने आत शिरायची जुनी रीत बंद केली होती. मेल आणणारं मॉड्यूल नव्याने लिहायला हवं होतं, म्हणून हा टॅग. रश्मी फोनवर म्हणाली, बाबा, मी बोलूनच सांगत जाईन. ते हो म्हणाले आणि पुन्हा पडद्याला नाक लावून बसले.

“पोरगी फोनवर हासून बोलते,” मला म्हणाले. “लिहिते तवा खरं सांगते.”

पण नीट न दिसल्याने टाइप करताना कंस सुटत होते. एक चूक काढताना दुसरी होत होती. बाजाराच्या दिवशी मी पिशवी टेकवून पाहिलं, तर पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली, आणि ते तीच परत लिहीत होते.

“हे तं तुमी लिवलं हाये,” मी म्हणाले.

त्यांचे हात थांबले. त्यांनी चाचपून सुतळी सोडली आणि टॅग माझ्यापुढे धरला.

“रश्मीची माय, माह्यं नाव खोड. तुयं लिव.”

मी म्हणाले, डोळ्याच्या डॉक्टरला एकदा दाखवू, मग पाहू.

“लिव.”

मी सत्यशीला असं लिहिलं आणि टॅग परत बांधला.

मग ते सांगत गेले आणि मी एका बोटाने टाइप करत गेले. “बकरी चरून राह्यली जशी,” ते म्हणाले. किती दिवसांनी हसले.

एका दुपारी मेल आला. अक्षरं बोटभर उंच. मला वाटलं ते पुढे वाकतील. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि डबीत ठेवून दिला.

“वाच.”

मी वाचलं. तिथला बर्फ, तिची ड्यूटी, नवी खोली. शेवटी लिहिलं होतं, बाबांना नीट दिसतंय तोवर त्यांच्यासमोर येऊन बसायचं होतं, पण यंदाही सुट्टी नाही. तेवढं मी वाचलं नाही.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

हात लांबवून त्यांनी कीबोर्डवरचा टॅग चाचपला आणि हात मागे घेतला. त्यावर आता माझं नाव होतं. मी सुतळी सोडली.