चौकट बंद करून पुढे जा

चारुता कित्येक वर्षं सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहीत आली होती, आणि ती कुणी वाचत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. माणसं आधी बटणं दाबून बघतात, अडली की वैतागतात आणि शेवटी फोन करतात. यंदा मात्र शब्दन्‌शब्द वाचणारा वाचक तिला पहिल्यांदाच मिळाला होता. तो माणूस नव्हता.

इंद्रजीतच्या कंपनीने ब्राउझर आपोआप चालवणारी साधनं केली होती. पान उघडणारं एक, बटण दाबणारं एक, रकाने भरणारं एक. ती साधनं वापरायचा एआय एजंट, म्हणजे माणसाऐवजी काम करणारा प्रोग्राम, आणि कुठलं साधन कधी, कसं वापरायचं हे त्याच्यासाठी लिहून ठेवायचं काम चारुताचं. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या घरात, बेडरूमच्या कोपऱ्यात बसून ती दिवसभर तेच लिहायची. 'बटण दिसत नसेल तर पान खाली सरकव.' 'पान पूर्ण उघडेपर्यंत थांब.' संध्याकाळी सुशांत कामावरून आला की विचारायचा, "आज काय शिकवलंस त्याला?" सुरुवातीला तिला नवऱ्याच्या या प्रश्नाचं हसू यायचं. हल्ली ती नुसतं "तेच" म्हणायची आणि कुकर लावायला उठायची.

एका दुपारी ती जेवायला बसणार, तेवढ्यात इंद्रजीतचा फोन आला.

"द्रोणागिरीच्या गोदामात घोळ झालाय. एजंटने गाड्यांची आत जायच्या वेळांची बुकिंगं रद्द करून टाकली. तू जवळ आहेस, जाऊन बघशील का?"

पनवेलहून द्रोणागिरी म्हणजे काही जवळ नव्हे, पण ते सांगायचंही तिच्या जिवावर आलं. ताट झाकून ती निघाली.

गोदामाच्या फाटकाबाहेर ट्रेलरांची रांग लागली होती. ड्रायव्हर गाड्यांच्या सावलीत सतरंज्या टाकून पडले होते. तिला टॅक्सीतून उतरताना पाहून एक वयस्कर ड्रायव्हर उठून बसला. "मॅडम, आत कधी घेणार?"

"बघते," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

गोदामाचा मालक धनेश तिथल्याच गावचा. सकाळपासून सगळ्यांना उत्तरं देऊन त्याचा घसा बसला होता. त्याने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"बुकिंगं करणारी आमची शकू बाळंतपणाला गेली, म्हणून तुमचा एजंट घेतला, ताई. तिच्या हातून असं कधी झालं नाय."

चारुताने एजंटच्या कामाची नोंद उघडली. गाडीच्या पुढच्या फेरीचं बुकिंग करताना गोदामाच्या साइटवर मध्येच एक चौकट उघडत होती. 'या गाडीचं जुनं बुकिंग आहे. ते रद्द करायचं?' खाली 'हो' आणि 'नाही'. एजंटने प्रत्येक वेळी 'हो' दाबलं होतं, आणि मोकळ्या झालेल्या आजच्या वेळा दुसऱ्या गाड्यांना गेल्या होत्या. पुढे त्याने लिहिलं होतं, 'सूचनेप्रमाणे चौकट बंद केली.'

सूचना तिचीच होती. 'मध्येच चौकट उघडली तर ती बंद करून पुढे जा.' लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे जाहिरातींच्या चौकटी होत्या. शंका आली तर माणसाला विचार, असंही त्याला सांगावं, हे ती तेव्हा इंद्रजीतला म्हणाली होती. "विचारत बसणारा एजंट कोण घेईल?" असं म्हणून त्याने तो विषय संपवला होता. दिवस संपत आला होता, तीही दमली होती. तिने नाद सोडला होता.

"ते वाक्य माझं आहे," ती धनेशला म्हणाली.

धनेश म्हणाला, "मंग बदला ना, ताई."

तिने तिथूनच इंद्रजीतला फोन लावला.

"एक ओळ वाढव आणि पाठव," तो म्हणाला.

"एका ओळीने भागणार नाही. काही रद्द होणार असेल, पुसलं जाणार असेल, तर त्याने थांबायचं आणि माणसाला विचारायचं. प्रत्येक साधनाच्या पानावर हे यायला हवं."

"चारुता, ग्राहकाला ते नको असतं."

"ग्राहक माझ्यासमोर बसलाय. देऊ त्यांना फोन?"

"रद्द करणं आणि पुसणं, एवढंच," तो शेवटी म्हणाला. "बाकी कुठे थांबवू नकोस."

तिला याहून जास्त हवं होतं, पण भांडायची ताकद उरली नव्हती. धनेशच्या टेबलाशी बसून तिने एकेक पान उघडलं आणि एकेक वाक्य बदललं. धनेशने दोनदा चहा मागवला. दुसरा तसाच गार झाला. उन्हं कलली तोवर फोनाफोनी करून धनेशने वेळा परत मिळवल्या आणि पहिला ट्रेलर फाटकातून आत आला. तो वयस्कर ड्रायव्हर सतरंजी घडी करत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धनेशचा निरोप आला. 'एजंट सारखा विचारतोय, ताई. जेवू देत नाय. पण गाड्या आत जातायत.'

चारुताने तो वाचला आणि फोन उशाखाली सारून आडवी झाली. तिला झोप आली नाही, पण कुणी फोन करून पुन्हा द्रोणागिरीला बोलावलंही नाही.