माझी चार दारं आणि कुंकवाचा डाग

मित्रांनो, माझ्या पाठीवरचा हा लाल डाग म्हणजे गंज नव्हे बरं का. ते कुंकू आहे. मी एक जुना ऑडिओ इंटरफेस आहे. नाव भारदस्त, अंग मात्र टिफिनच्या डब्याएवढं. कीबोर्डवर बोट पडलं की लॅपटॉप सूर तयार करतो आणि तो सूर मी ताबडतोब भोंग्यांपर्यंत पोचवतो. 'ताबडतोब' हा शब्द लक्षात ठेवा. एका मुलीचं सगळं त्याच्यावरच अडलं होतं.

तिचं नाव रंजू. तिचे वडील श्यामलाल गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासे धरत. रंजू टेकचंदकाकांच्या दंडारीत कीबोर्ड वाजवायची. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, ते भर दुपारी रंगतं. काका त्या मंडळाचे प्रमुख आणि ढोलकीवालेही. रंजूनं लॅपटॉपमधून सनई, सारंगी असे छान सूर आणले होते, पण इअरफोनच्या भोकातून ते उशिरा निघत. बोट आधी, सूर मागून! एका मंडईत तर लोक खो खो हसले.

"रंजू, तुहा बाजा माह्या ढोलकीच्या मागं धावून रायला," काका म्हणाले. "सिहोऱ्याच्या मंडईत असं झालं, त मी पेटीवाला आणतो. मंग मले बोल लावू नोको."

त्या मंडळात वाजवणारी रंजू एकटीच मुलगी. ही जागा गेली असती, तर तिला पुन्हा कोण बोलावणार होतं?

तेव्हा मी भंडाऱ्याच्या एका दुकानात आठ महिने काचेमागे पडून होतो. शेजारी एक दांडगा डबा होता, आठ भोकांचा, दिव्यांनी लखलखणारा. जो येई तो त्यालाच न्याहाळी. खरं सांगतो, माझा जळफळाट व्हायचा. एक दिवस रंजू वडिलांना घेऊन तिथं आली. श्यामलालनंही आम्हा दोघांना मासा तोलावा तसं हातावर तोललं.

"हा घे न बाई, वजनदार आहे. थो दुसरा त फोलपट आहे."

फोलपट म्हणे! मी मनातल्या मनात फुगून बसलो.

"बाबा, आठ भोकं गाणं रेकॉर्ड करायले लागते," रंजू म्हणाली. "मले आवाज आत घ्यायचा नाही, बाहेर काढायचा आहे. दोन तारा लोकायकडं, दोन काकाजीच्या कानाकडं."

मला बाहेर जाणारी बरोबर चार दारं होती! पण तेवढ्यानं ती भुलली नाही. तिनं पिशवीतून आपला कीबोर्ड आणि लॅपटॉप काढला. "बाबा, डोंग्यावर ठोकता न, तसं ठोका."

मासे जाळ्याकडे हाकायला श्यामलाल काठीनं डोंग्याची, म्हणजे लहान होडीची, कड ठोकत. तोच ठेका त्यांनी दुकानाच्या टेबलावर धरला. आधी दांडग्या डब्याची पाळी. सूर मागेच राहिला. दुकानदार अश्विननं उशीर कमी करून दिला, तर सूर फुटाण्यासारखा तडतडू लागला. मग मला जोडलं. ठोका आणि सूर अगदी एकदम!

"हा बरोबर चालून रायला," श्यामलाल म्हणाले. मला फोलपट म्हणणाऱ्या त्याच माणसानं मला पोटाशी धरून घरी नेलं.

सिहोऱ्याच्या मंडईत गर्दी मावत नव्हती. दंडारीआधी नारळ फोडून प्रत्येक वाद्याची पूजा करायची, हा रिवाज. काकांनी ढोलकी पुजली, टाळ पुजले आणि मग माझ्याकडे वळले.

"हाही आता आपल्यातलाच," म्हणत त्यांनी मला कुंकू लावलं. आणि वरून ओंजळभर नारळाचं पाणी!

"काकाजी, थांबा!" रंजू ओरडली, पण उशीर झाला होता. माझ्या पहिल्या दोन दारांत पाणी शिरलं. भोंगा खरखरला आणि गप्प झाला.

"पेटीवाला आणा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रंजूनं झटकन माझी वीज तोडली, मला कोरड्या फडक्यानं पुसलं आणि लोकांकडच्या तारा काकांच्या दोन कोरड्या दारांत खोचल्या. "काकाजी, आता तुमच्या कानात काही येणार नाही."

चूक आपल्याच हातून झाली, हे काकांना कळलं होतं. मग ढोलकी उचलून ते थेट तिच्या शेजारी येऊन बसले.

"तू वाजव, बाई. मी तुह्या बोटायकडं पाहून वाजवतो."

आणि काय वाजवलं म्हणता! ढोलकी आणि सूर शेवटपर्यंत हातात हात घालून चालले. पेटीवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

याला बारा वर्षं झाली. ती दोन दारं पुन्हा उघडली नाहीत. मंचावर नवा डबा आला आणि मी दोन वर्षं कपाटात धूळ खाल्ली. वाईट वाटलं, का खोटं बोलू? पण आता रंजू कारध्याला मुलांना शिकवते आणि त्यांचे चुकतमाकत निघणारे पहिले सूर माझ्या उरलेल्या दोन दारांतून जातात. मी सुखात आहे.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण ज्याला जे सोसतं तेवढंच त्याला द्या. टेकचंदकाका हे शिकले. आता ते मंडईत आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून नव्या डब्यावर आणि पूजेसाठी आणलेल्या माझ्यावर नीट पांघरतात. मग नारळ हातात घेऊन रंजूकडे बघतात आणि विचारतात, "फोडू न, बाई?"