एका डब्यातल्या दोन जावा

एका घरी वरच्या मजल्यावर दोन जावा राहायच्या, थोरली अन् धाकटी. आणि लांब उतारावरच्या काटेरी झुडपाच्या मुळात राहायचो मी. त्या मुळाचा कडूजहर अर्क बोलतोय.

मला खणलं, वाळवलं, कुटलं, गाळलं. पोतंभर मुळांतून चमचाभर उरलो. झिजलेल्या गुडघ्यांना माझा उपयोग होतो का, हे डॉक्टरीणबाईंना पाहायचं होतं. निम्म्या बाटल्यांतल्या गोळ्यांत मी, निम्म्यांत नुसती बिनऔषधी भुकटी. कुठं काय, ते बाईंनाही ठाऊक नाही. "जिची बाटली तिनंच घ्यायची," दोघी जावांच्या घरी येऊन एकेक बाटली देत त्यांनी बजावलं.

खाली दोघींचं शिवणाचं दुकान. थोरली उभ्यानं कापड बेतायची, धाकटी पायमशीन चालवायची. त्यातच दोघींचे गुडघे गेले. थोरली तर दोन वर्षं चौदा पायऱ्या उतरली नव्हती. पुन्हा बेतायला उभं राहायचं, एवढाच तिचा ध्यास.

पण या घरात सुया, बटणं, सगळं एकाच डब्यात! धाकटीनं दोन्ही बाटल्या बिस्किटांच्या डब्यात ओतल्या. "जाऊबाई, तुमचं-माझं कधी केलंय का आपण?"

तीन महिन्यांनी दोघींना अगदी सारखंच, थोडं थोडं बरं. बाई चक्रावल्या. धाकटी थोरलीला खुणावतेय, गप्प बसा. सांगितलं तर औषध बंद, पायऱ्या राहिल्या.

थोरलीनं तोंड उघडलंच. "बाई, गाढवपणा झाला. गोळ्या एकत्र केल्या आम्ही. आमच्या खोट्यावर उद्या दुसऱ्या कुणाचे गुडघे चालायचे."

बाईंनी पाहणीतून दोघींची नावं कापली. "मोठ्या आल्या खरं बोलणाऱ्या!" धाकटी आठवडाभर फुगून बसली.

सहा महिन्यांनी नवी पाहणी निघाली. बाई आपण होऊन आल्या. "खरं सांगणारी माणसं मला हवीत. पण बाटल्या दोन खोल्यांत!"

या खेपेला मी थोरलीकडे होतो. झिजलेलं भरून काढणं मला जमत नाही हो, ठणका तेवढा कमी करतो. एका सकाळी ती कठडा धरून उतरू लागली. सातव्या पायरीवर सोबतची धाकटीच अडली. थोरलीनं खांदा पुढे केला.

"धर गं. आजवर मी तुझा धरत होते."

पाहणी संपली, कुठल्या बाटलीत काय ते गुपित फुटलं. ज्यांना भुकटी मिळाली होती, त्यांनाही बाईंनी मला दिलं. आता धाकटीच्या बाटलीतही मीच आहे. एवढंच मागणं, बायांनो, मला पुन्हा त्या डब्यात ओतू नका.

खाली कात्री चालू झालीय. मशीनही.