एक्क्याण्णव कप

"ही चिठ्ठी खोटी आहे," मॅनेजरच्या टेबलावर कागद ठेवत मी म्हणालो. "एक्क्याण्णव कप, सगळ्या रांगा सारख्या! शक्यच नाही."

पेटी भरणारी बाई दाराशी उभी होती. "मी स्वतः लावलेत, साहेब. अगदी नेमके बसले."

"नेमके बसायला एक्क्याण्णवला भाग तर जायला हवा!"

आमच्या कारखान्यात भट्टीतून जेवढे कप धड निघतील तेवढे एका थरात पेटीत भरतात. रांगा सारख्या नसल्या की कडेचा कप मोकळा राहतो आणि शेजारच्यांना घेऊन फुटतो. म्हणून भरणाऱ्याने चिठ्ठीवर आकडा आणि रांगांची हमी लिहायची, ती मी तपासायची. तोवर पेटी खिळे ठोकून गाडीत चढलेली असते. माझ्या हाती उरतो फक्त आकडा, पण आकडा चुगली करतो. मागे एका बहाद्दराने सत्त्याण्णव कप सारख्या रांगांत बसवले होते. सत्त्याण्णवला कशानेच भाग जात नाही! मी त्याला तिथल्या तिथे पकडलं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी आधी त्याची चिठ्ठी काढून बघतो.

तर, एक्क्याण्णव. विषम आहे. अंकांची बेरीज दहा, म्हणजे तीनही बाद. शेवटी पाच नाही, शून्य नाही. सातचा पाढा मनात म्हटला, सात दाहे सत्तर, संपला. बाई खोटी. तिला आणखी काही विचारायची मला गरजच वाटली नाही.

खोट्या चिठ्ठीला आमच्याकडे माफी नाही. दुपारीच तिला कामावरून काढलं.

संध्याकाळी घरी मी फुशारकीने हे सांगितलं. बायको स्वेटर विणत होती.

"अहो, तेर साते एक्क्याण्णव की! माझ्या या पाठीचे टाके तेवढेच आहेत. सात-सात टाक्यांच्या तेरा नक्ष्या."

ही त्या बाईला ओळखत असावी, असा मला पहिला संशय आला. मी विणकाम ओढून घेतलं आणि सुईवरचे टाके मोजले. मग पुन्हा मोजले. एक्क्याण्णवच भरले.

सकाळी मॅनेजरला सगळं सांगितलं. "मग जा, घेऊन या तिला," तो म्हणाला.

ती घरी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती.

"बाई, चूक माझी झाली. एक्क्याण्णवला सातने भाग जातो."

"सात रांगा, तेरा-तेरा कप," कॉलर दाबत ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"मग तेव्हाच सांगायचं ना!" माझ्या आवाजात अजूनही जाब होताच.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"परत या. यापुढे मी नीट बघत जाईन."

"बघाल हो. पण उद्या दुसरा एखादा आकडा तुमच्या मनाला पटला नाही तर? रोज तुमच्या तोंडाकडे बघत पेट्या भरायच्या का मी?"

मला मनापासून लाज वाटली, आणि मी तसं म्हणालोही. तिने मान डोलावली, शर्ट पालथा केला आणि इस्त्री उचलली.

"जाताना दार तेवढं ओढून घ्या," ती म्हणाली. "वाऱ्याने कपडे उडतात."